घरच्या शिबिरात सेवक कोण?

दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आल्यावर ते घरी टिकतं का, असं बरेच जण विचारतात. आज त्याबद्दलच बोलू. माझं उत्तर थोडं लाजिरवाणं आहे, ते आधीच सांगून टाकतो.

मी घाटकोपरचा. वन बीएचके, घरात आई, बाबा आणि मी. काम सॉफ्टवेअरचं. सर्व्हर रात्री कधीही बंद पडू शकतो, त्यामुळे फोन वाजला नाही तरी वाजल्याचा भास व्हायचा आणि मी दचकून उठायचो. त्याला कंटाळून इगतपुरीला धम्मगिरीवर गेलो. फोन पहिल्याच दिवशी जमा. पहाटे 4 ला घंटा. पहिले तीन दिवस नुसता श्वास पाहायचा, त्याला आनापान म्हणतात. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या संवेदना पाहायच्या. छान वाटलं तरी धरून ठेवायचं नाही, दुखलं तरी ढकलायचं नाही. फी नसते, शेवटी इच्छा असेल तर दान.

निघताना सांगतात, घरी सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा, आठवड्यातून एकदा सामूहिक साधना करा. सामूहिक मला लगेच जमलं. मेट्रोने अंधेरी, लोकलने बोरिवली, रिक्षाने गोराई जेट्टी आणि तिथून बोटीने ग्लोबल विपश्यना पॅगोडा. 2009 साली खुल्या झालेल्या त्या घुमटाखाली साधारण 8,000 माणसं बसू शकतात आणि मध्ये एकही खांब नाही. जुन्या साधकांसाठी तिथे एक दिवसाची शिबिरं होतात. तिथे बसणं सोपं जातं हो! शेजारचा हलत नाही म्हणून आपणही हलत नाही. निम्मा जोर उसना असतो.

मग वाटलं, हेच घरी करू. एक रविवार ठरवला. म्हणजे मी ठरवला, घरी नुसतं कळवलं. बेडरूमचं दार लावलं आणि सकाळपासून बसलो. दुपारी पाणी प्यायला बाहेर आलो, तर आई मिक्सर जाड टॉवेलमध्ये गुंडाळून चटणी वाटत होती. बाबा आवाज बंद करून मॅच बघत होते. कुरिअरवाल्याने बेल वाजवू नये म्हणून आई मधूनमधून दारात जाऊन उभी राहत होती.

संध्याकाळी मी खुशीत म्हणालो, "आज मस्त शांत बसलो."

बाबा म्हणाले, "तुझं मौन झालं, त्यात आमचंही झालं."

हसण्यावारी नेलं मी. पण रात्री झोप येईना. इगतपुरीला सकाळी ताटात पोहे यायचे, घंटा वेळेवर वाजायची, आणि ते कोण करतंय याकडे मी बघितलंही नव्हतं. ते धम्मसेवक असतात. स्वतः आधी शिबिर केलेले, पगार न घेता राबणारे. पण ते आपणहून आलेले असतात. माझ्या आईला मी विचारलंही नव्हतं.

आणि गंमत बघा. सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशातून 1969 साली भारतात आले, त्याचं एक मोठं कारण होतं त्यांच्या आईचं आजारपण. जुलै महिन्यात मुंबईत त्यांनी भारतातलं पहिलं शिबिर घेतलं, त्यात जेमतेम 14 जण होते. त्यांत त्यांचे आईवडील. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे तर सरकारी नोकरीतले महालेखापाल, घरसंसार असलेले. म्हणजे ही वाट घरातूनच आलेली. आणि मी घराला बाहेर ठेवून दार लावून घेतलं होतं.

आता काय करतो ते सांगतो. तारीख घरच्यांना विचारून ठरवतो. माझी ऑन-कॉल पाळी असलेला आठवडा टाळतो. शनिवारी रात्री भाज्या चिरून ठेवतो, रविवारी दुपारची खिचडी मीच लावतो. मिक्सर टॉवेलशिवाय चालतो. कुकरची शिट्टी झाली की शिट्टी झाली, त्यावर छातीत जी चिडचिड उठते ती बघायची. तेच तर शिकायला गेलो होतो ना?

आणि पुढच्या रविवारी पाळी उलटी. आईला म्हटलं, आज तू आत बस, मी सेवक. आई म्हणाली, "मला नको बाबा ते डोळे मिटून बसणं. मी झोपते." झोपली. दोन तास. तेवढ्या वेळात बेल पाच वेळा वाजली, बाबांचा चहा दोनदा झाला, दूध उतू गेलं. तिसऱ्या बेलला माझ्या कपाळावर आठी आलीच. पण या वेळी ती आलेली कळली. पॅगोड्याच्या शांततेत जे कळलं नव्हतं ते ओट्यापाशी कळलं.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी पहिलं दहा दिवसांचं शिबिर केंद्रावरच करा, माझं ऐकून घरी नको. मानसिक आजारावर औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला आणि अर्जातही स्पष्ट लिहा. नुसती चव घ्यायची असेल तर गोराईला पॅगोड्यावर थोडा वेळ आनापान शिकवतात, कुणीही बसू शकतं.

आणि घरी बसणार असाल तर दार लावण्याआधी एकदा स्वयंपाकघरात डोकावून या. भेटू पुढच्या भागात.