‘मी रोबोट नाही’ची चौकट

आम्ही पैठण तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. गटाच्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे. त्यावर गटाचा हिशेब ठेवतो, गावातल्या बायांचे फॉर्म भरतो. त्याला व्हायरस लागला, आणि तो आमच्याच हातानं लागला. हे सांगायला आधी फार लाज वाटली.

2025 च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली. खोलीबाहेर रांग लागली. सरकारी साइट काही केल्या उघडेना. मग एकीनं गूगलवर नाव टाकलं आणि दिसली ती साइट उघडली. रंग तसेच, अक्षरं तशीच. मधोमध एक चौकट आली, ‘मी रोबोट नाही’. तिच्यावर क्लिक केलं तर पुढं लिहिलेलं: विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. रांगेतल्या बाया घाई करत होत्या. दाबलं. वरवर काहीच झालं नाही.

दोन दिवसांनी गटाच्या ईमेलमध्ये कुणीतरी परक्या ठिकाणाहून शिरल्याचा इशारा आला. आमच्यातल्या एकीची लेक संभाजीनगरला कॉम्प्युटर शिकते. तिनं येऊन सगळं उलगडून सांगितलं.

वेबसाइटच्या पानाबरोबर न दिसणाऱ्या सूचना येतात, त्यांना स्क्रिप्ट म्हणतात. फॉर्ममध्ये जिल्हा निवडला की लगेच तालुक्यांची यादी येते ना, ते स्क्रिप्टचंच काम. ती ब्राउझरच्या कुंपणात चालते, सहसा बाहेर येत नाही. ब्राउझर जुना असला तर कुंपणाला भगदाडं असतात, तिथून शिरते. नाहीतर दार आतून कुणीतरी उघडून द्यावं लागतं. ते आम्ही दिलं. चौकटीवर क्लिक करताच स्क्रिप्टनं एक हुकूम गुपचूप कॉपी करून ठेवला. कंट्रोल-व्हीनं तो चिकटला, एंटरनं चालला, आणि त्यानं व्हायरस ओढून आणला. खरी चौकट कधीच असली बटणं दाबायला सांगत नाही. आणि चांगल्या, ओळखीच्या साइटमध्येही चोर अशी स्क्रिप्ट घुसवून ठेवतात.

पोरीनं आधी इंटरनेट तोडलं. नव्यानं आलेले अनोळखी प्रोग्राम आणि ब्राउझरला चिकटलेली एक्स्टेन्शन काढली. सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी कुणाकुणाला दिलीय ते पाहिलं. आम्ही अकरा साइटना ‘अलाऊ’ केलं होतं! मग विंडोजच्याच डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावला. त्यात कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, घाबरू नका. शेवटी विंडोज आणि ब्राउझर अपडेट केले. केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र 2017 पासून आहे. त्याच्या साइटवर सफाईची साधनं फुकट मिळतात. एवढं करूनही खात्री वाटत नसेल तर कागदपत्रं दुसरीकडं उतरवून विंडोज नव्यानं टाकून घ्या.

पण व्हायरस काढला म्हणजे झालं असं नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तोवर गेलेले असतात. ते दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलवरून बदलायचे. त्याच कॉम्प्युटरवर बदलले तर नवेही चोराच्या हातात. बँकेलाही कळवायचं. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करायचा, जितका लवकर तितकी रक्कम अडवता येण्याची आशा जास्त.

खरी अडचण वेगळीच होती. त्या कॉम्प्युटरमध्ये गावातल्या बायांचे आधार आणि पासबुकाचे फोटो होते. सांगावं की नाही, यावर आमच्यात भांडण झालं. ‘बाया पुन्हा आपल्याकडं येतील का?’ असं एकीचं म्हणणं. तेव्हा पोरीनं पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं सांगितलं. 2018 च्या ऑगस्टमध्ये तिथं व्हायरस शिरवून 94 कोटींच्या वर रक्कम पळवली. एवढ्या मोठ्या बँकेचं असं होतं, मग आपण कोण?

शेवटी घरोघर गेलो. आधारचं बायोमेट्रिक लॉक कसं करायचं ते प्रत्येकीला दाखवलं, म्हणजे आपल्या बोटाच्या ठशावर दुसऱ्याला पैसे काढता येत नाहीत. रेशनला किंवा बँकेत ठसा द्यायचा असेल तेव्हा थोडा वेळ उघडायचं. दोघी-तिघी रागावल्या. एका आजीनं चहा दिला आणि म्हणाली, ‘सांगायला आलात, बरं केलंत.’

आता फोटो आम्ही काम झालं की पुसतो. सरकारी साइटचा पत्ता महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन असा संपतो की नाही, हे दोघी मिळून वाचतो. रांग कितीही मोठी असली तरी.