स्वयंपाकघरातील साधना

(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



‘नित्य जीवनातील ख्रिस्ती साधना’ हा विषय आपण मला दिलात, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी देव्हारा आहे, माझ्यासारख्या थोड्यांच्या घरी भिंतीवर क्रूस. परंतु पोटापाण्यासाठी परमुलखात राहणाऱ्या आपणा सर्वांची तक्रार एकच: देवाचे नाव घ्यायला वेळ कुठे आहे?

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाईट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा सेवकबंधू होता. पूर्वायुष्यात तो सैनिक होता. लढाईत त्याच्या पायाला जखम झाली होती. मठात त्याच्या वाट्याला मुदपाकखाना आला, आणि त्या कामाची तर त्याला मुळातच नावड! तरीही भांड्यांच्या त्या गोंगाटात त्याने देवाशी मनातल्या मनात बोलण्याची सवय लावून घेतली. मन भरकटले, तर स्वतःवर न चिडता ते हळूच परत आणायचे, एवढीच त्याची रीत. १६९१ मध्ये तो निवर्तला. पुढे त्याची संभाषणे व पत्रे ग्रंथरूप झाली आणि ती आजही वाचली जातात.

जात्यावर ओव्या गाणाऱ्या समाजाला ही वाट परकी वाटू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांतून गायिली, ती याच ओळखीने. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो निराधार स्त्रियांचा व मुलींचा संसार सांभाळीत मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणले. १९२२ मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांचा हाच ध्यास होता. त्यांनाही निवांत वेळ कोणी आणून दिला नव्हता.

दुसरी साधना आत्मपरीक्षणाची. संत इग्नाशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या १५४८ मध्ये छापल्या गेलेल्या ग्रंथात तिच्या पाच पायऱ्या आहेत: दिवसभराच्या देणग्यांबद्दल उपकारस्मरण, स्वतःचे दोष ओळखण्यासाठी कृपेची याचना, तासातासाचा आढावा, क्षमायाचना आणि सुधारण्याचा संकल्प. निजण्यापूर्वी दहा मिनिटे पुरतात.

मी ही साधना सुरू केली, तेव्हा वाटले होते की मनाला शांती मिळेल. मिळाली अस्वस्थता! वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी माझे बोलणे तुटले होते. सात वर्षे मी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसून प्रार्थना केली आणि भावाची चूक मनात घोळवीत राहिलो. रात्रीच्या त्या दहा मिनिटांत मात्र माझेच कठोर शब्द समोर येऊ लागले. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू सांगतात की, वेदीजवळ अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा आणि मग परत यावे. हा उतारा मी लहानपणापासून ऐकत होतो; तो मला उद्देशून आहे हे तेव्हा कळले.

भाऊ फोन घेईना, म्हणून पत्र लिहिले. त्यात वाटणीचा हिशेब नव्हता. केवळ माझ्या शब्दांची क्षमा मागितली होती. उत्तर आले नाही. तरी दर महिन्याला एक पत्र टाकतो, आणि अजून वाट पाहतो. उत्तर त्याच्या हाती आहे. पत्र लिहिणे माझ्या हाती.

आपल्या मंडळाला पन्नास वर्षे झाली. एवढ्या काळात मायभूमीशी आपला संबंध राहिला, तो पत्रांनी, निरोपांनी आणि माणसांनी. त्यांतील एखादा धागा कोणाच्या हातून तुटला असेल, तर आज रात्री घरी गेल्यावर दहा मिनिटे दिवा मालवून बसावे आणि उद्या सकाळी ते एक पत्र लिहावे, एवढीच माझी विनंती.