नाटक शिकायचे आहे? मग विद्यापीठात शिकू द्या

(नरसिंहपूर येथे बारावीनंतरच्या शिक्षणाविषयी झालेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मला इथे बोलावले ते इंजिनिअर म्हणून. कॉम्प्युटर घ्यावे की मेकॅनिकल, हे मी सांगावे अशी तुमची अपेक्षा असणार. ते पुढचे वक्ते सांगतील. मी बोलणार आहे ते नट व्हायचे आहे म्हणणाऱ्या मुलामुलींबद्दल. गेल्या वर्षात आपल्या भागातल्या तीन घरांतून मला फोन आले. दोन मुलगे, एक मुलगी. तिन्ही घरांचे म्हणणे एकच, "भाईजान, तुम्ही समजावा. डोक्यातून हे खूळ काढा." मी उलट पालकांनाच समजावत बसलो.

२०१६ साली 'सैराट' आला आणि नीरेपलीकडच्या अकलूजची रिंकू राजगुरू घराघरांत पोहोचली. त्याच चित्रपटात अरबाज शेख या आपल्याच भागातल्या पोराने सल्या केला. मला तो सल्या फार आवडतो. तो मुसलमान आहे म्हणून त्याच्या तोंडी वेगळी भाषा नाही, गोष्टीत त्याचे वेगळे कारण नाही. दोस्तांमधला एक दोस्त, बस. पण त्या यशातून आपल्याकडे एक समज पसरला, की नट व्हायला शिकावे लागत नाही, कुणी तरी येऊन निवडतो. नागराज मंजुळे दर वर्षी गावात येणार नाहीत. येतात ते दुसरेच. फोटो काढायचे पैसे घेणारे, महिनाभराच्या क्लासनंतर मालिकेत भूमिका देतो म्हणणारे. भूमिकेसाठी आधी पैसे मागितले की उठून घरी या.

दुसरा सल्ला मला अगदी शिकलेल्या घरांतून मिळतो : आधी डिग्री, मग नाटक. उदाहरण डॉ. जब्बार पटेल यांचे. उदाहरण खरे आहे आणि अभिमानाचेही. पंढरपुरात जन्मलेला, सोलापुरात वाढलेला हा माणूस पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये शिकला, दौंडला लहान मुलांचा डॉक्टर म्हणून बसला. १९७२ साली 'घाशीराम कोतवाल' रंगभूमीवर आणले, पुढे 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा' केले. दौंडही आपल्याच भीमेच्या काठी. पण जरा विचार करा. स्वतःचा दवाखाना असलेला डॉक्टर आपल्या वेळा थोड्या तरी ठरवू शकतो. हिंजवडीतला पोरगा रात्री नऊला अमेरिकेच्या मीटिंगला बसलेला असतो, तो तालमीला कधी जाणार? आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत पुरुषोत्तम करंडकासाठी महिना-महिना रात्री जागणारी पोरे मी पाहिली आहेत. नोकरी लागल्यावर त्यांतले बहुतेक प्रेक्षक झाले.

म्हणून मी दुसरे नाव सांगतो, जे आपल्या घरांत कमी घेतले जाते. इब्राहिम अल्काझी. १९२५ साली पुण्यात जन्मले, वडील अरब व्यापारी. हे गृहस्थ नाटक शिकायला लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये गेले. १९६२ ते १९७७ दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, पुण्यात शिकलेल्या रोहिणी हट्टंगडी त्यांच्याच काळात तिथे तयार झाल्या. अभिनय अंगात असावा लागतो, हे खरेच. पण अंगात असलेले रोज, ठरल्या वेळी, दमलेले असतानाही बाहेर काढता यावे, यासाठी शिक्षण लागते.

आता आपल्या आवाक्यातले. इंदापूर-बारामतीची कॉलेजे ज्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्याच विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे. १९८७ पासूनचे. सतीश आळेकर अनेक वर्षे त्याचे प्रमुख होते. (तेही मूळचे बायोकेमिस्ट्रीचे, डॉक्टर-शास्त्रज्ञांनी मराठी नाटक बरेच चालवले!) मुंबई विद्यापीठात अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातही नाट्यशास्त्र विभाग आहे. अशा ठिकाणी श्वास आणि आवाज, शरीराची हालचाल, नाटके वाचणे, शिवाय प्रकाशयोजना, नेपथ्य, वेशभूषा हे सारे हाताखालून जाते. नट म्हणून काम नसेल तेव्हा माणूस रंगमंचाच्या मागे कमावू शकतो, तो यामुळेच. आणि नाटकातली बी.ए. ही बी.ए.च असते. पदवीधरांसाठीची स्पर्धा परीक्षा देता येते. एम.ए. करून नेट दिली तर शिकवता येते.

मुलींच्या बाबतीत तर मला विद्यापीठाशिवाय दुसरा रस्ता दिसत नाही. हौशी ग्रुपची तालीम रात्री आठला सुरू होते, अकराला संपते. कोणते अब्बा पाठवतील? विभागात वेळापत्रक असते, हजेरी असते, शिक्षक असतात, तक्रार करायला समिती असते. ज्या मुलीला घरातून "नाटक" म्हणून परवानगी मिळणार नाही, तिला "कॉलेज" म्हणून मिळू शकते. यात फसवणूक काही नाही, ते कॉलेजच आहे.

दोन अवघड गोष्टी लपवणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ललित कला केंद्रातल्या विद्यार्थ्यांच्या एका नाटकावरून गोंधळ झाला. विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली, मग जामीन मिळाला. आपल्या नावाच्या मुलाला पाठवताना आई घाबरणार. ती भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण भीतीपोटी आपण वर्गच सोडला, तर पडद्यावरचा मुसलमान कसा बोलेल, कसा बसेल, हे दुसरेच ठरवतील. आज बहुतेक तेच ठरवतात. कोपऱ्यात पान खात "जनाब" म्हणणारा माणूस आपल्या कोणत्या गल्लीत राहतो, मला आजवर सापडलेला नाही. आपण तर बाजारात मराठी आणि घरात दखनी बोलतो.

दुसरी गोष्ट पैशांची. उत्पन्न अनियमित असते, काही वर्षे हातात काहीच नसते. डबिंग, मालिकांतली छोटी कामे, शाळांतली नाट्यशिबिरे यांवर घर चालवणारे नट असतात. आमच्या आयटीतही माणसे एका ईमेलवर घरी जातात, पण ती तुलना करून मी तुम्हाला गुंडाळणार नाही. नटाचे आयुष्य जास्त कठीण आहे. म्हणूनच शिकून जा म्हणतो.

राहिला प्रश्न हे जायज आहे का, याचा. मी आलिम नाही, फतवा देणार नाही. एवढेच सांगतो, सगनभाऊ हा जेजुरीचा शाहीर मुसलमान होता आणि पेशवाईत त्याच्या लावण्या गाजत होत्या. अमर शेख बार्शीचे. कला आपल्या घरात बाहेरून आलेली नाही. आणि ज्या चाचांनी मला हा प्रश्न विचारला, त्यांच्या घरी आवाज येत होता तो संध्याकाळच्या मालिकेचाच.

प्रवेशासाठी परीक्षा असते, करून दाखवावे लागते. आतापासून एक मराठी नाटक पूर्ण वाचा, त्यातला एक उतारा पाठ करा, रोज मोठ्याने म्हणा. घाटावर जाऊन म्हणा, संगमावर आवाज किती पोहोचतो ते कळेल. जेवणानंतर मी मागच्या खोलीत बसतो आहे, लॅपटॉप आणला आहे. ज्यांना अर्जाची माहिती बघायची आहे त्यांनी या. मुलीला घेऊन अम्मीही आल्या तर बरे, कारण प्रश्न त्यांचेच जास्त असतात.