‘थोडंफार येतं’ हे म्हणणं सोडा



यवतमाळात मुलाखतीविषयी बोलायचं तर अदिबा अनम हे नाव घ्यावंच लागतं. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाचा निकाल लागला आणि आपल्या जिल्ह्यातल्या रिक्षाचालकाची मुलगी देशात १४२ व्या क्रमांकावर आली. त्याआधीच्या प्रयत्नांत त्यांना यश आलं नव्हतं. त्यांचे सत्कार आपण भरपूर केले. आता त्यांच्या वाटेवरचा एक टप्पा नीट बघू या.

त्या परीक्षेत लेखीला १७५० गुण असतात आणि मुलाखतीला २७५. वर्षानुवर्षांच्या अभ्यासानंतर एवढे गुण साधारण अर्ध्या तासाच्या बोलण्यावर ठरतात. तुमच्यापैकी बहुतेकांची मुलाखत पतसंस्थेत, शाळेत, दवाखान्यात किंवा नागपूर-पुण्याच्या एखाद्या कंपनीत होईल. तिथे तर बहुतेक वेळा अख्खी नोकरीच त्या बोलण्यावर ठरते.

मग आपण बोलतो कसं? “कॉम्प्युटर येतो का?” “हो, थोडंफार येतं.” “हिशोब ठेवलाय कधी?” “तसं काही नाही, घरच्या दुकानात जरा बघायचो.” यात खोटं काही नाही, पण खरंही पुरतं सांगितलेलं नाही. घरात आपल्याला नम्रता शिकवली जाते आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण समोरच्या माणसाला तुमची नम्रता मोजायची नसते, तुमचं काम मोजायचं असतं.

समजा, तुम्ही कापसाच्या हंगामात जिनिंगवर काम केलंय. “जिनिंगवर होतो” एवढं सांगून थांबू नका. “दोन हंगाम काट्यावर होतो. येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या वजनाची नोंद मी करायचो. संध्याकाळी पावत्यांशी ताळा जुळवूनच घरी जायचो,” असं सांगा. यात फुशारकीचा एक शब्दही नाही. कोणी केलं, किती काळ केलं आणि कसं केलं, एवढंच आहे. आत्मविश्वासाची भाषा म्हणजे नेमकी भाषा. ‘मी खूप मेहनती आहे’ हे कुणीही म्हणू शकतो. ताळा जुळवल्याचं तोच सांगू शकतो ज्याने तो जुळवलाय.

दुसरी खोड ‘आम्ही’ची. “आम्ही कार्यक्रम घेतला.” त्यात तुम्ही काय केलं? वर्गणी जमवली, की मंडपवाल्याशी भाव ठरवला? तिथे ‘मी’ म्हणा. बाकीच्यांचं श्रेयही द्या, पण तुमचा वाटा गर्दीत हरवू देऊ नका.

येत नसेल तर? “हे मला माहीत नाही” असं सरळ सांगा. हे वाक्यही ताठ मानेने म्हणता येतं. गोलगोल उत्तर दिलं की आधीच्या खऱ्या उत्तरांवरही शंका येते. खुद्द केंद्रीय आयोगाच्या अधिसूचनेतही म्हटलंय की मुलाखत ही उलटतपासणी नसून हेतू ठेवून केलेला सहज संवाद आहे.

भाषेची भीतीही सोडा. आपल्या घरात उर्दू, गल्लीत वऱ्हाडी, शाळेत मराठी. तोंडातून ‘करून राहिलो’ निघालं म्हणून कुणी अडाणी ठरत नाही. सावकाश बोला आणि वाक्य पूर्ण करा. मोडक्या इंग्रजीत अडखळण्यापेक्षा “मी मराठीत उत्तर दिलं तर चालेल का?” असं विचारा. नोकरीला इंग्रजी लागत असेल तर मात्र ती शिकावीच लागेल. त्याला दुसरा उपाय नाही.

आता जे मनात असतं पण कुणी बोलत नाही ते. नाव ऐकून समोरचा थबकला तर? जालना जिल्ह्यातले अन्सार शेख २०१५ च्या परीक्षेत मराठी माध्यमातून, वयाच्या एकविसाव्या वर्षी ३६१ व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. पुण्यात राहायला खोली मिळावी म्हणून मित्राचं नाव सांगावं लागलं होतं, हे त्यांनीच नंतर जाहीरपणे सांगितलं. मुलाखतीत त्यांना विचारलं गेलं, तुम्ही शिया की सुन्नी? त्यांनी उत्तर दिलं की मी भारतीय मुसलमान आहे. ते चिडले नाहीत, गयावया केली नाही आणि काही लपवलंही नाही.

संविधानाचं कलम १६ सांगतं की सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करता येणार नाही. ते कलम खासगी कंपनीला लागू होत नाही. तिथे अन्याय होऊ शकतो, होतोही. नुसत्या गोड बोलण्याने तो मिटेल असं मी तुम्हाला सांगणार नाही. त्याविरुद्ध लढायचं ते आपण सगळ्यांनी मिळून, मुलाखतीच्या खोलीबाहेर. पण त्याच्या धास्तीने आपण आधीच आवाज खाली घेतला, तर नकार द्यायचं समोरच्याचं काम आपणच करून टाकतो.

आज घरी गेल्यावर एक करा. तुम्ही स्वतः केलेली पाच कामं कागदावर लिहा. प्रत्येक वाक्य ‘मी’ने सुरू करा आणि त्यात एक तरी आकडा असू द्या. मग ती वाक्यं अम्मीला किंवा अब्बांना मोठ्याने वाचून दाखवा. त्यांच्यासमोर न लाजता म्हणता आली, तर साहेबांसमोरही म्हणता येतील.