आमच्या वेळचा खो-खो आणि आताचा

कुणी रानातून येऊन नुकत्या हातपाय धुऊन बसल्या असाल, कुणी चुलीपुढं भाकरी थापत असाल. थापत राहा, पण कान इकडं असू द्या. आज आम्ही गटातल्या बाया खो-खोवर बोलणार आहोत.

तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायांना खो-खोचं काय पडलंय? सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे, आणि त्या संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदेही होती. तेव्हापासून पारावर, एसटीत, लग्नाच्या मांडवात, जिथं चार खो-खोवाले भेटतील तिथं एकच वाद ऐकू येतो: आताच्या पोरी भारी, का जुन्या भारी?

जुने लोक म्हणतात, "आता काय, मऊ मॅट, पायात बूट, डोक्यावर छप्पर. आमच्या वेळी मुरमाचं मैदान होतं, गुडघे फुटायचे. त्या काळच्या पोरी आज असत्या तर यांना हाती लागल्या नसत्या." पोरंसोरं म्हणतात, "आजोबा, आताचा वेग बघा. तुमच्या वेळच्या खेळाडू या खेळात दोन मिनिटं टिकल्या नसत्या." दोघंही आपल्याच जागी पाय रोवून बसतात आणि चहा संपला की उठून जातात.

आम्ही गटात बसून या वादाचा जरा नीट विचार केला. आमच्यातल्या कितीतरी जणी शाळेत खो-खो खेळलेल्या आहेत. फक्कीच्या रेघा मारून, ओढणी कमरेला बांधून, अनवाणी. त्यामुळं हा वाद आमच्याही जिव्हाळ्याचा आहे.

आधी खेळात काय बदललं ते बघू. खो-खोचे नियम शंभराहून जास्त वर्षांपूर्वी पुण्याला डेक्कन जिमखान्यावर लिहिले गेले. मुलींची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९६०-६१ साली कोल्हापूरला झाली. आपण जो खो-खो ओळखतो त्यात आठ जणी एकीआड एक तोंड फिरवून बसायच्या, नववी पाठलाग करायची. प्रत्येक संघाला नऊ-नऊ मिनिटं दोनदा मारायला आणि दोनदा पळायला मिळायची. एक गडी बाद केला की एक गुण. दहा-पंधरा गुणांत अख्खा सामना संपायचा. आपली एखादी चपळ पोरगी चार-चार मिनिटं पळाली की गाव तिला खांद्यावर घ्यायचं बाकी राहायचं.

आता लीगच्या नव्या पद्धतीत पाठलाग करणारा संघ सात जणांचा असतो. पाळी सात मिनिटांची. एक गडी बाद केला की दोन गुण. पळणारे ठरलेल्या वेळेच्या पुढं टिकले तर गुण त्यांनाही मिळतात. त्यात 'वझीर' नावाचा एक गडी असतो. आपल्या खो-खोत एकदा एका दिशेला धाव घेतली की मागं फिरता येत नाही, पण वझीर कुठंही वळू शकतो. विश्वचषकातला खेळही याच धाटणीचा, झटपट होता. म्हणून तर पहिल्या सामन्यात आपल्या मुलींचे दक्षिण कोरियाविरुद्ध १७५ गुण झाले आणि त्यांचे १८.

आता हे १७५ गुण बघून कुणी म्हणालं की जुन्या पोरींना पंधराच गुण मिळायचे म्हणून त्या कमी होत्या, तर ते कसं चालेल? पायलीनं मोजलेली ज्वारी आणि क्विंटलवर मोजलेली ज्वारी, नुसते आकडे बघून कशी ताडायची? माप बदललं की आकडा बदलणारच.

मग ज्या खेळात माप बदललं नाही तिथं काय दिसतं? धावण्याची शर्यत घ्या. चारशे मीटर म्हणजे तेव्हाही चारशे मीटर आणि आताही तेवढेच. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये केरळच्या पी. टी. उषा चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत ५५.४२ सेकंदांत धावल्या. त्यांचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. त्यानंतर ३९ वर्षं देशात एकाही मुलीनं ती वेळ गाठली नाही. २०२३ साली चीनमध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत तमिळनाडूची विथ्या रामराज धावली. तिची वेळ किती? ५५.४२. बरोब्बर तेवढीच.

मैत्रिणींनो, एवढ्या वर्षांत बूट सुधारले, धावपट्टी सुधारली, आहार सांगणारे आले, दुखलं-खुपलं तर बघणारे आले. तरी वेळ तीच आली. म्हणजे उषाताईंनी किती मोठं काम करून ठेवलं होतं ते कळतं. आणि विथ्याचंही कमी नाही, कारण ३९ वर्षांत जे कुणाला जमलं नाही ते तिनं केलं. एकीला मोठं म्हणायला दुसरीला लहान करावं लागत नाही.

आता आपल्या खो-खोतल्या जुन्या बायांकडं येऊ. १९७१ साली अचला देवरे यांना खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. हा देशाचा मोठा क्रीडा पुरस्कार. वर्ष लक्षात ठेवायला सोपं आहे, बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली. पुढं १९८१ मध्ये सुषमा सारोळकर, १९९८ मध्ये शोभा नारायण. ही नावं तुमच्यापैकी किती जणींनी ऐकली होती? क्रिकेटमधल्या त्या काळच्या गड्यांची नावं आपल्या घरातले पुरुष झोपेतही सांगतील. या बायांचं नाव कुणी घेतलं नाही. त्यांचे सामने टीव्हीवर दिसले नाहीत. त्यांचा खेळ बघणारी माणसं म्हातारी झाली, त्यांच्याबरोबर आठवणीही चालल्या. मग जुन्या आणि नव्यांची तुलना करायची तर जुन्यांचं काय घेऊन करायची? पुरुषांच्या खेळाचं निदान पेपरात तरी छापून आलेलं सापडतं. बायांचा खेळ बहुतेक ठिकाणी ऐकीव राहिला.

शोभा नारायण यांच्यानंतर बावीस वर्षं खो-खोला अर्जुन पुरस्कार मिळाला नाही. २०२० साली मिळाला तो कुणाला? आपल्या धाराशिवच्या सारिका काळे यांना. त्यांची गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी, कारण त्या जुन्या आणि नव्या काळाच्या मधोमध उभ्या आहेत.

सारिकाताईंच्या घरची परिस्थिती बेताची. आई शिवणकाम आणि घरकाम करायची. पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं की, जवळजवळ दहा वर्षं त्यांनी एका वेळच्या जेवणावर काढली. शिबिराला किंवा स्पर्धेला गेलं तरच नीट खायला मिळायचं. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धा झाली. त्या स्पर्धेत खो-खो पहिल्यांदाच आला. भारतीय मुलींच्या कर्णधार सारिकाताई होत्या आणि सुवर्णपदक आपण जिंकलं. ते साल आठवतंय ना? त्याच उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि आपल्याकडं हंडे घेऊन बाया टँकरची वाट बघत होत्या. त्या दुष्काळात आपल्या भागाच्या लेकीनं देशाला सोनं मिळवून दिलं.

आणि त्याच वर्षी पैशाच्या ओढाताणीनं त्या खेळ सोडायच्या विचारात होत्या. त्यांचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव सर आणि घरची माणसं पाठीशी उभी राहिली, म्हणून त्या पुन्हा मैदानावर आल्या. पुढं खेळाच्या जोरावर त्या तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाल्या.

आता सांगा, सारिकाताई जुन्या का नव्या? त्यांनी माती पाहिली आणि मॅटही पाहिली. उपाशी पोट पाहिलं आणि सरकारी नोकरीही पाहिली. "आताच्या पोरींना सगळं आयतं मिळतं" असं म्हणणाऱ्यांनी हे ऐकून घ्यावं. मॅट दिल्लीच्या स्टेडियममध्ये असते. तिथं पोचायच्या आधीची आठ-दहा वर्षं आपल्याच गावाच्या मातीत, आपल्याच घरातल्या भाकरीवर काढावी लागतात.

पैशाचंही बोलू. जुने लोक म्हणतात, आता खेळात पैसा आला, खेळाडू व्यावसायिक झाले. खरं आहे, पण कुणासाठी? २०२२ साली पुण्याला बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली. सहा संघ, गड्यांना मानधन, सामने टीव्हीवर. ती लीग पुरुषांची. आपल्या मुलींना खेळातून पोट भरायचं तर मुख्य वाट नोकरीची आहे. रेल्वे, विमानतळ प्राधिकरण अशा ठिकाणी खेळाडू घेतात. आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. म्हणजे खेळ हा नुसता वेळ घालवायचा धंदा राहिलेला नाही. पण त्यासाठी मुलीनं दहावीपर्यंत आणि त्याच्या पुढंही खेळत राहायला हवं.

आणि मैत्रिणींनो, आपल्याकडं घोडं पेंड खातंय ते इथंच. पाचवी-सहावीत मैदानावर वीस पोरी असतात. नववीपर्यंत त्यातल्या पाच उरतात. बाकीच्या कुठं जातात? एकीची पाळी सुरू झाली, आई म्हणाली आता पुरे. एकीला धाकटं भावंड सांभाळायचं असतं. एकीची शेवटची एसटी चुकते. एकीच्या आजोबांना ती अर्ध्या चड्डीत पळताना बघवत नाही. आणि एकीचं लग्न ठरतं. गंमत म्हणजे पारावर बसून "आमच्या वेळच्या पोरी काय पळायच्या!" असं कौतुकानं सांगणारं तोंडच घरी येऊन नातीला म्हणतं, "बास झालं आता, उंडारू नको." आमच्या वेळच्या त्या पळणाऱ्या पोरी पुढं कुठं गेल्या? त्या आज या कार्यक्रमाच्या श्रोत्या आहेत. कुणाचा पाय हलका होता म्हणून खेळ सुटला नाही. कुणीतरी "पुरे" म्हटलं म्हणून सुटला.

म्हणून आम्हाला वाटतं, जुनी भारी का नवी भारी या वादाला जरा वेगळं वळण द्यावं. तुलना करायचीच असेल तर हिशेबाच्या वहीसारखी करावी. एका बाजूला लिहा, तेव्हाच्या मुलीला काय मिळत होतं: मैदान होतं का, खायला होतं का, घरचे पाठवत होते का, किती वर्षं खेळायला मिळालं. दुसऱ्या बाजूला लिहा, आपल्या आताच्या लेकीला यातलं काय मिळतंय. मग कळेल की काही गोष्टी सुधारल्यात आणि काही जिथल्या तिथं आहेत. उलट काही गावांत तर जुन्या पोरींना होतं ते मैदानही आता राहिलेलं नाही, त्यावर कुणाचे तरी गाळे उभे आहेत.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्याचं काम उरकलं की पंधरा मिनिटं यासाठी काढा. चार कामं सुचवतो.

पहिलं, आपल्या गावात शाळेकडून, तालुक्याकडून, जिल्ह्याकडून खेळलेल्या बाया कोण आहेत त्यांची यादी करा. सासरहून आलेल्या सुनांनाही विचारा. कोणत्या साली, कुठं खेळल्या, पळतीत चांगल्या होत्या का मारण्यात, ते वहीत लिहून ठेवा. जुन्यांचं नाव राखायचं तर ते असं राखायचं.

दुसरं, त्यातल्या दोन-तीन जणींना शाळेच्या मैदानावर संध्याकाळी तासभर उभं राहायला सांगा. मोठी बाई मैदानावर असली की घरच्यांची निम्मी काळजी जाते. आणि खांबाजवळ हुलकावणी कशी द्यायची हे जुनी खेळाडू जसं दाखवेल तसं मोबाइलवर बघून येत नाही.

तिसरं, पोरींच्या खाण्याचं बघा. महागडी पावडर लागत नाही. मूठभर भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, जमलं तर एक अंडं. खेळणाऱ्या पोरीला भावाइतकंच ताटात पडलं पाहिजे, जास्त पडलं तरी हरकत नाही. पाळीच्या दिवसांत खेळावं का नाही हे तिचं तिला ठरवू द्या, फक्त तिच्याकडं स्वच्छ कापड किंवा पॅड असल्याची खात्री करा.

चौथं, ग्रामसभेत मैदानाचा विषय मांडा. रस्त्याचा, नळाचा मांडतो तसाच. गायरानात, शाळेमागं, कुठं जागा आहे ते बघा. खो-खोला फार जागा लागत नाही. दोन खांब आणि दगड वेचलेली सपाट जमीन मिळाली तरी सुरुवात होते.

राहिला पारावरचा वाद. तो चालू द्या, त्यात मजा आहे. फक्त वाद घालणाऱ्या आबांना एवढं विचारा, "आबा, तुमची नात किती मिनिटं पळते, बघितलंय का कधी?" बघितलं नसेल तर त्यांना हात धरून मैदानावर न्या. मग त्यांनी खुशाल सांगावं, जुनी भारी का नवी.

तुमच्या गावातल्या जुन्या खेळाडूंची नावं आम्हाला जरूर कळवा. पुढच्या एखाद्या भागात त्यांच्याच तोंडून त्यांचा खेळ ऐकू. तोवर रामराम.