महाविद्यालयाच्या दारी दिव्यांग

मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय जेझुइट धर्मगुरूंनी १८६९ मध्ये स्थापन केले. तेथे २००३ साली दृष्टिबाधितांसाठी संसाधन केंद्र सुरू झाले. छापील पुस्तक स्कॅन करून संगणकाकडून वाचून घेता येते. अंध विद्यार्थ्याला वाचनिकाची वाट पाहत बसावे लागत नाही. पूर्वी अशी सुलभ प्रत काढणे हाच कायदेभंग ठरू शके! २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने ती अडचण दूर केली. पुढे २०१६ च्या कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या. मात्र प्रवेश मिळाला तरी जिना तसाच राहतो. आणि अंध प्राध्यापकाला उत्तरपत्रिका कोण वाचून दाखविणार, हे तर क्वचितच कोणी विचारतो.