पाहुण्यांना शिकवायचे कोणी?

(पर्यटनाचे शिक्षण आणि आदिवासींचा अधिकार या विषयावर कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



देशाटन ही एकेकाळी यात्रेकरूंची श्रद्धा आणि श्रीमंतांची हौस होती. आज तो विद्यापीठीय पदवीचा विषय आहे. पर्यटन व्यवस्थापनाची केंद्रीय संस्था १९८३ साली निघाली. त्यानंतर हा विषय शहरोशहरीच्या महाविद्यालयांत पोचला. पुढे 'शाश्वत पर्यटन' हे प्रकरण आले, आणि त्यात आदिवासींच्या दृष्टिकोनालाही स्थान असावे ही भाषा आता जगभर ऐकू येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय ज्ञानपरंपरेत आदिवासी ज्ञानाचा समावेश केला आहे. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु समाजवादी कार्यकर्त्याने स्वागताचा हार घालण्यापूर्वी एक प्रश्न विचारला पाहिजे: या अभ्यासक्रमात आदिवासी कोणत्या बाकावर बसणार? तो शिक्षक म्हणून येणार, विद्यार्थी म्हणून येणार, की नृत्य, नाचणीची भाकरी आणि बांबूच्या टोपल्या यांच्या रांगेत 'आकर्षण' म्हणून उभा राहणार?

हा प्रश्न अन्यत्र कसा सुटला, किंवा अर्धवट सुटला, हे पाहण्यासाठी ऑस्ट्रेलियातील उलुरूचे उदाहरण उपयोगी आहे. त्या खंडाच्या मध्यभागी वाळवंटात ३४८ मीटर उंचीचा एक तांबडा प्रस्तर उभा आहे. अनांगू लोक हजारो वर्षांपासून त्याला उलुरू म्हणतात. १८७३ साली विल्यम गॉस नावाचा गोरा भूमापक तेथे पोचला आणि त्याने या प्रस्तराला हेन्री एअर्स या वसाहतीतील राजकारण्याचे नाव देऊन टाकले. ज्याची भूमी, त्याने ठेवलेले नाव नकाशावरून पुसायचे, ही वसाहतवादाची पहिली शाळा. १९५८ साली हा प्रदेश आदिवासींसाठी राखलेल्या क्षेत्रातून वगळून राष्ट्रीय उद्यान करण्यात आला. कारण उघड होते, प्रवासी येऊ लागले होते. १९६४ साली प्रस्तरावर चढण्यासाठी साखळी ठोकली गेली आणि 'एअर्स रॉक चढून आलो' हा पराक्रम ठरला.

ज्या वाटेने प्रवासी चढत, ती वाट अनांगूंच्या पूर्वजांची, माला पुरुषांची, पवित्र वाट होती. जुकुर्पा या नावाने ओळखली जाणारी त्यांची परंपरा म्हणजे केवळ दंतकथांचा संग्रह नव्हे. तिच्यात कायदा, भूगोल, पाणवठ्यांचे ज्ञान आणि माणसामाणसांतील कर्तव्ये एकत्र विणलेली आहेत. त्या कायद्यानुसार पाहुण्याच्या जिवाची जबाबदारी यजमानावर असते. चढताना तीसहून अधिक माणसे मरण पावली, आणि प्रत्येक मरणाचे सुतक जणू अनांगूंना लागले. म्हणून त्यांनी पायथ्याशी विनंतीचा फलक लावला: हे आमचे घर आहे, कृपया चढू नका. विनंती लावली, कारण आज्ञा देण्याची सत्ता त्यांच्या हाती अजून पुरती आलेली नव्हती.

२६ ऑक्टोबर १९८५ रोजी त्या भूमीची मालकी अनांगूंना परत मिळाली. मात्र त्याच वेळी त्यांना ती नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने सरकारी उद्यानखात्याकडे द्यावी लागली. देण्याघेण्याच्या या व्यवहारातील कावा कार्यकर्त्यांना वेगळा सांगायला नको. तरीही उद्यानाच्या बारा जणांच्या मंडळात आठ जागा अनांगूंना मिळाल्या, प्रवेशशुल्काचा चौथा हिस्सा मिळू लागला, आणि मुख्य म्हणजे उद्यानाचा कारभार जुकुर्पाच्या आधारे चालावा हे तत्त्व लेखी झाले. १९७६ च्या वणव्यांत उद्यानाचा फार मोठा भाग जळाला होता. थंडीच्या दिवसांत थोडेथोडे गवत ठिकठिकाणी जाळून मोठा वणवा टाळण्याची अनांगूंची जुनी रीत त्यानंतर शास्त्रज्ञांनी शिकून घेतली. आज त्या उद्यानात धंदा म्हणून प्रवासी फिरवणाऱ्या वाटाड्याला आधी एक अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. कोणती कथा सांगायची, कोणती सांगायची नाही, कोठे छायाचित्र घ्यायचे नाही, हे त्यात शिकवले जाते. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये मंडळाने एकमताने चढाई बंद करण्याचे ठरवले आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून, म्हणजे भूमी परत मिळाल्याच्या चौतिसाव्या वर्षदिनी, ती कायमची बंद झाली. तोवर चढणाऱ्यांचे प्रमाण वीस टक्क्यांच्या खाली आले होते. बहुसंख्य पाहुणे फलक वाचून थांबू लागले होते. शिक्षण असे झाले. पण ते पुरे झाले ते निर्णयाचा अधिकार हाती आल्यावरच.

या यशाची आरती ओवाळण्याचेही कारण नाही. उलुरूच्या पायथ्याशी असलेल्या मुटिजुलू वस्तीतील दारिद्र्य सरले नाही. २००७ साली ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने उत्तर प्रांतातील आदिवासी वस्त्यांत सक्तीचा हस्तक्षेप केला, तेव्हा सरकारी माणसे प्रथम याच वस्तीत उतरली. जगप्रसिद्ध प्रस्तराचे धनी आणि घरी हलाखी, हा विरोधाभास मालकी हक्काच्या कागदाने मिटत नाही.

आता महाराष्ट्राकडे यावे. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा आज देशभरच्या वाघप्रेमींचे तीर्थ झाले आहे. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान, १९९५ साली व्याघ्रप्रकल्प. परंतु ताडोबा हे नाव वनखात्याने दिलेले नाही. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना पडला, त्याचा देव झाला, अशी तेथील आदिवासींची कथा आहे. तलावाच्या काठी झाडाखाली त्याचे ठाणे आहे आणि पौष महिन्यात तेथे जत्रा भरण्याची रीत होती. उद्यान आले, तशी त्या दर्शनाभोवती परवानग्यांची आणि निर्बंधांची चौकट आली. गाभ्याच्या क्षेत्रातील बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी अशा गावांची माणसे बाहेर हलवली गेली. ज्याच्या नावाने जंगल ओळखले जाते, त्याच्या वंशजांना आत जाण्यासाठी परवानगी लागते आणि पैसे भरलेल्या पाहुण्यासाठी पहाटे फाटक उघडते. पाहुणा पैसे देऊन जिप्सीत बसतो आणि वाघ दिसावा म्हणून देवाला साकडे घालतो. बफरमधील बाई उन्हाळ्यात मोहाची फुले वेचायला जाते आणि वाघ दिसू नये म्हणून त्याच देवाला हात जोडते. पर्यटनशास्त्राच्या पुस्तकात या दोघींपैकी पहिलीचे 'समाधान' मोजण्याच्या पद्धती शिकवतात. दुसरीचा त्या समीकरणात पत्ताच नसतो.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. मोहर्लीच्या फाटकावर स्थानिक तरुण गाईड झाले, जिप्सी चालवू लागले, काहींच्या घरी पाहुण्यांची सोय होते. हे रोजगार खरे आहेत आणि त्यांना कमी लेखणे हा पोट भरलेल्यांचा शहाणपणा होईल. पण गाईडला प्रशिक्षणात काय शिकवले जाते ते पाहावे: पक्ष्यांची इंग्रजी नावे, पाहुण्यांशी अदब, शिस्तीचे नियम. हे आवश्यकच आहे. मात्र त्याच्या आजीला त्या पक्ष्याचे गोंडी नाव, त्याच्या ओरडण्याचा अर्थ आणि कोणत्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही याचे कुळाचे नियम ठाऊक असतात. ते ज्ञान परीक्षेत गुण मिळवून देत नाही, म्हणून नातवाच्या लेखी ते अडाणीपण ठरते. शिक्षणाने माणसाला स्वतःच्याच घरी परका करावा, ही वसाहतीची जुनीच किमया आहे.

अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या परिसरात पावसाळ्यापूर्वी काजव्यांचा उत्सव असतो. हिरडा, बेहडा, सादडा यांच्या झाडांवर हजारो काजवे एका तालात चमकतात. त्यांचा प्रकाश म्हणजे नर-मादीची परस्परांना साद. पाहुण्यांच्या मोटारींचे दिवे, विजेऱ्या आणि गवतावरून फिरणारी पावले त्या सादेत अडथळा आणतात आणि ओल्या मातीतील अंड्यांची नासाडी करतात. याच रानात हिरडा वेचून महादेव कोळी कुटुंबे चार पैसे मिळवतात. कोणत्या झाडाखाली गाडी जाऊ द्यायची नाही आणि कोणत्या रात्री वाटच बंद ठेवायची, हे ठरवण्याची पात्रता कोणाकडे आहे? पुण्यामुंबईहून आलेल्या पदवीधराकडे की त्या पाड्याच्या ग्रामसभेकडे? त्याच डोंगरांत वाढलेल्या राघोजी भांगरे यांना इंग्रजांनी १८४८ साली ठाण्यात फाशी दिले. पर्यटनाच्या वर्गात भंडारदऱ्याच्या धबधब्याची उंची पाठ करवून घेतात, राघोजींच्या बंडाची कारणे मात्र सांगत नाहीत.

डहाणू-तलासरीकडेही तेच. हॉटेलांच्या भिंतींवर वारली चित्रे रंगवलेली दिसतात. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, याचा अभिमान अवश्य असावा. पण हा चौक मुळात लग्नघरी सवाशिणींनी लिहायचा, पालघट देवीला बोलावण्यासाठी. तो ठसा म्हणून गाद्यागिरद्यांवर छापताना कोणाची अनुमती घेतली? आणि ज्यांची चित्रे भिंतीवर आहेत, त्यांनीच १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, हे पाहुण्याला कोण सांगणार? गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' पर्यटनाच्या एका तरी वाचनयादीत असावे, ही मागणी कार्यकर्त्यांनी करण्यास हरकत नाही. पक्षभेद आड येऊ नयेत.

मुद्दा असा की ज्ञान आणि हक्क यांची फारकत केली, तर आदिवासी दृष्टिकोन हा पाठ्यपुस्तकाचा शोभिवंत किनारपट्टा होतो. २०१२ साली ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे विविध देशांच्या आदिवासी प्रतिनिधींनी केलेल्या जाहीरनाम्यात हेच सांगितले आहे: पर्यटनात किती आणि कसे सहभागी व्हायचे ते आदिवासी स्वतः ठरवतील. संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्याला भारताने मत दिले. पण देशातील सारेच लोक मूलनिवासी आहेत, ही सरकारची जुनी भूमिका त्यामुळे बदलली नाही. चतुराई अशी की सगळेच मूलनिवासी म्हटले, म्हणजे कोणाचेच वेगळे देणे लागत नाही.

सुदैवाने देशात कायदा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचे तिसरे कलम जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा बौद्धिक हक्क मानते, पाचवे कलम ग्रामसभेला नैसर्गिक व सांस्कृतिक वारसा राखण्याचा अधिकार देते. मग विद्यापीठाने विद्यार्थ्यांची सहल पाड्यावर पाठवण्यापूर्वी ग्रामसभेची संमती का घेऊ नये? नोंदवून घेतलेल्या कथा, औषधी वनस्पतींची माहिती आणि छायाचित्रे यांची प्रत गावाला का मिळू नये? शिकवणाऱ्या म्हातारीला व्याख्यात्याच्या दराने मानधन का नसावे? चहा पाजून 'माहिती' काढून घेण्याची रीत सभ्य लोकांना शोभत नाही. आणि अभ्यासमंडळावर एकदोन आदिवासी प्रतिनिधी नेमून भागणार नाही. त्यांना नकाराधिकार हवा, अन्यथा त्यांची सही केवळ शिक्क्याच्या कामी येते. या मागण्या करतानाही कार्यकर्त्याने एक पथ्य पाळावे. आदिवासींच्या वतीने बोलण्याची सवय पक्षांनाही कमी नाही. पाड्यापाड्यांत मतभेद असतात. कोणाला पाहुणे हवे असतात, कोणाला नको असतात. पुरुषांना रोजगार दिसतो, तर बायकांना सरपण आणि पाणी दिसते. हे मतभेद ग्रामसभेत मोकळेपणाने निघू देणे आणि ती भरेल अशी व्यवस्था करणे हे कार्यकर्त्याचे काम. निर्णय सुचवणे नव्हे.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्याच्या कितीतरी आधीपासून त्या गावात अभ्यासगट चालत आला आहे. त्यात गोंड शेतकरी आणि बाहेरचा विद्वान एकत्र बसून एखादा प्रश्न समजून घेतात. निर्णय मात्र ग्रामसभा घेते, आणि तो सर्वसहमतीने होतो. पर्यटन शिकवणाऱ्या महाविद्यालयांनी आपले विद्यार्थी अशा अभ्यासगटात पाठवण्याची परवानगी मागावी. ती मिळेल किंवा मिळणार नाही. 'यंदा नको' असे उत्तर आले, तर विद्यार्थ्यांनी ते उत्तर वहीत उतरवून घ्यावे आणि प्राध्यापकांनी त्या तासाची हजेरी लावावी.